धुतलेली दरड

वडिवळ्यात गेणू मुकादमासमोर दरडीविषयी तोंड उघडायचं नाही, असा नेमच पडून गेला होता. भाताविषयी बोला, बैलांविषयी बोला, कुणाच्या म्हशीनं कुणाच्या खाचरात शिरून काय धिंगाणा घातला ते बोला. मुकादम तंबाखू चोळत निवांत ऐकायचा. पण ‘दरड’ म्हटलं की त्याचे कान टवकारायचे, आणि मग बोलणाऱ्याची जेवायची वेळ टळलीच म्हणून समजा. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगवर त्यानं एकतीस पावसाळे काढले होते. लाइनीवर आलेली एकूण एक दरड त्यानं आपल्या माणसांकडून उपसून घेतली होती, आणि काहींचं तर बारसंच केलं होतं. नागफणीखालची थोरली. बोगद्याच्या तोंडची रडूबाई. आणि एक होती ती नुसतीच ‘ती’. तिच्याविषयी बोलताना मुकादम आवाज खाली आणायचा.

आता अशा माणसाच्या घरात, त्याच्याच लेकीच्या सुपारीच्या बैठकीत, त्याच्याच घोंगडीवर बसून एखाद्या पोरानं म्हणावं का, की समुद्राच्या तळाशी दरड कोसळते? बरं, म्हणावं ते म्हणावं, तोंडात गूळ-शेंगदाणे असताना म्हणावं?

ते पोरगं म्हणजे हौशीराम. घोरावाडीचा, वडिवळ्याच्या मुक्ताबाईचा सख्खा भाचा. आठ वर्षांमागं मुंबईला पळाला, गोदीत ओझी वाहिली, आणि तिथनं तारेच्या जहाजावर खलाशी म्हणून चिकटला. तारेचं जहाज म्हणजे काय, हे गावाला समजावून सांगताना मुक्ताबाईच्या नाकी नऊ आले होते. दर्याच्या तळावर मनगटाएवढी जाड तार टाकलेली असते, तिच्यातून एका मुलखाचा निरोप दुसऱ्या मुलखाला जातो, आणि तार तुटली की हे जहाज गळ टाकून तिला वर ओढतं, सांधतं आणि पुन्हा खाली सोडतं. गावानं मान डोलावली आणि पाठ वळवून पोटभर हसून घेतलं.

हौशीरामचं दुर्दैव असं की त्याला खोटं बोलताच येत नव्हतं. बघितलं ते सांगायचा. मासा पाण्यातून उडतो आणि जहाजावर येऊन पडतो, हे त्यानं सांगितलं. अंधारात लाट फुटली की पाणी निळंशार पेटतं, हे सांगितलं. मालगाडीच्या डब्याएवढा मासा डोक्यातनं कारंजं उडवतो, हेही सांगितलं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं आणि एक अक्षर कुणाला पटलं नव्हतं. गावात त्याचं नाव पडलं ‘थापाड्या’, आणि बिचाऱ्यानं तेही हसून घेतलं.

त्याचं खरं मानणारं सगळ्या वडिवळ्यात एकच माणूस होतं, आणि ते नेमकं गेणू मुकादमाच्या घरात राहत होतं. नंदा. मराठी तिसरी शिकलेली, एकोणिसाव्या वर्षातली, बापाच्या तोंडाला तोंड देणारी. मुक्ताबाईकडं सूप मागायला म्हणून ती गेली आणि हौशीरामचा उडता मासा ऐकून उंबऱ्यातच थबकली. ‘किती उंच उडतो?’ तिनं विचारलं. संपलं. आजवर लोकांनी त्याला ‘काय सांगतोस’ म्हटलं होतं, ‘चल, गप’ म्हटलं होतं, पण ‘किती उंच’ कुणी विचारलं नव्हतं. पोरानं हातानं कमरेएवढी उंची दाखवली, आणि तो हात खाली घ्यायचा विसरून तसाच उभा राहिला. पुढच्या आठ दिवसांत नंदानं ते सूप चार वेळा नेलं आणि पाच वेळा परत केलं.

तेव्हा मुक्ताबाईनं मागणी घातली, गावातल्या वडीलधाऱ्या अंबाजी पाटलांना मध्ये घातलं, आणि माघातल्या एका रविवारी सकाळी मुकादमाच्या ओसरीवर सुपारीची बैठक बसली. मुकादमाकडून त्याचा गँगवरचा जोडीदार निजाम चावीवाला आला होता. चावीवाला म्हणजे रोज खांद्यावर हातोडा टाकून लाइनीनं मैलोन्‌मैल चालणारा, रुळांच्या सैल झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करणारा. निजामचं बोलणंही तसंच, मोजकं आणि ठोकून.

खरं सांगायचं तर मुकादमाला हे स्थळ नकोच होतं. पोरात खोट काही नव्हती. पण पोर मुंबईला राहणार, सहा-सहा महिने दर्यावर जाणार, आणि नंदा गोदीजवळच्या कुठल्याशा चाळीत एकटी बसणार. आणि इथं? नंदाची आई ती सहा वर्षांची असतानाच गेली. तेव्हापासून मुकादम घाटातून थकून घरी यायचा तो नंदा दारात दिसावी म्हणून. हे तो कुणाला सांगणार? एकतीस वर्षं पहारीनं धोंडे हलवणाऱ्या माणसानं, लेक गेली की घर खायला उठेल, असं चारचौघांत म्हणायचं? छे. तो आपला बहाणा शोधत होता. सकाळपासून शोधत होता. बोलण्याबोलण्यात पोराला दारू आवडते का ते विचारून झालं, विडीचं विचारून झालं. पोरगं कशातच सापडेना.

आणि मग अंबाजी पाटलांनी, केवळ वेळ जावा म्हणून विचारलं, “बरं, एवढ्यात काय काम केलंस रं जहाजावर?”

“लय मोठं काम निघालं, पाटील,” हौशीराम खुलून म्हणाला. “तिकडं पार लांब दर्याच्या तळाला भूकंप झाला. येकामागं येक तीन तारा व्हत्या. तिन्ही तुटल्या. तळाशी दरड कोसळली ना.”

मुकादमाचं तंबाखू चोळणं थांबलं.

“काय कोसळली?”

“दरड, मामा. दर्याखाली बी डोंगर असत्यात. तितं बी दरडी येत्यात.”

“मामा कुनाला म्हनतो?” मुकादम म्हणाला. “अजून सुपारी फुटायची हाय.”

निजामनं डोळ्यांनी हौशीरामला खूण केली, की बाबा, विषय बदल. पण ज्यानं डोळ्यांनी बघितलंय त्याला थांबायचं कसं ते कुठं ठाऊक? तो सांगत सुटला. पहिली तार उताराच्या पायथ्याशी होती, ती झटक्यासरशी मुकी झाली. दुसरी पुढं सपाटीवर, ती पाऊण तासानं तुटली. तिसरी तर शंभर कोस पुढं. ती पाच तासांनी. तार मुकी झाल्याची वेळ किनाऱ्यावरच्या ऑफिसात लिहिलेली असते, त्यात चूक व्हायची नाही. वर ओढली तेव्हा तिन्हींची टोकं ताणून पिंजलेली, आणि पिळापिळात किनाऱ्याकडचा चिखल.

“मासा उडाला, म्या सोसलं,” मुकादम सावकाश म्हणाला. “पानी पेटलं, सोसलं. मालगाडीचा डबा कारंजं उडवीत गेला, त्ये बी सोसलं. म्हनलं, त्याचा दर्या, त्याचं मासं, आपल्याला काय करायचंय. पन दरड? एकतीस पावसाळं, पोरा. दरड कुटं थांबती, सांग.”

“घाटात पायथ्याला थांबती.”

“पायथ्याला. पायथ्याला येऊन बसती, आन् बसली की मानसानं हलवल्याबिगर हलत न्हाई. तुजी दरड सपाटीवर शंभर कोस चालत गेली? मधी च्या प्याया थांबली व्हती का?”

ओसरी हसली. मुक्ताबाईनं कपाळाला हात लावला.

“आन् पाच तासांनी तिसरी तार?” मुकादमाला आता उकळी फुटली होती. “चोरांनी नेली असंल. घाटात बी तांब्याची तार अशीच जाती. आदी एक, मग दुसरी, मग तिसरी.”

“दर्याच्या तळाला चोर कुटनं येतील?” हौशीराम म्हणाला.

“दरड आली तिथनंच,” मुकादम म्हणाला, आणि ओसरी पुन्हा हसली.

मग तो उठून उभा राहिला. बहाणा चालत घरी आला होता आणि घोंगडीवर बसून शेंगदाणे खात होता. “सुपारी खाली ठेवा, पाटील. थापाड्याच्या घरात म्या लेक द्यायचो न्हाई.”

आतल्या खोलीत भांडं आपटल्याचा आवाज झाला. नंदा आत होती, सगळं ऐकत होती, आणि ते भांडं काही हातातून सुटलेलं नव्हतं.

हौशीरामचा चेहरा उतरला. पण एक आहे, तो मागं सरला नाही. “मुकादम, मला थापाड्या म्हना, चालंल. गाव म्हनतंय. पन म्या बघितलंय त्ये बघितलंय. सपाटीवर ती कशी चालली, ह्ये मला बी ठावं न्हाई. पन तुमचा इस्वास बसत नसंल तर पान्यात दरड पाडून बघा. तुमच्या हातानं.”

झालं. कुणीतरी मुकादमाला दरड पाडायला सांगत होतं. एकतीस वर्षं दरडी उपसण्यात गेली, पाडायला कुणीच बोलावलं नव्हतं. मुकादमाच्या पायांत वारं शिरलं.

“पाडतो,” तो म्हणाला. “पाटील, तुमी साक्षीला. तिसऱ्या तारेपावतर दरड गेली तर लेक दिली. आज, हितंच दिली. न्हाई गेली तर संध्याकाळच्या गाडीनं ह्यानं मुंबई गाठायची आन् माज्या दारात पुन्यांदा यायचं न्हाई.”

“कबूल,” हौशीराम म्हणाला. आत दुसरं भांडं आपटलं.

ओढ्याचं पाणी खाचरात न्यायला अंबाजी पाटलांकडं भेरल्या माडाचं पन्हाळ होतं; अख्खं खोड मधून कोरलेलं, अठरा हात लांब. ते आठ जणांनी उचलून नदीकाठी आणलं. दोन्ही तोंडं पेंढ्याच्या बोळ्यांनी गच्च बंद केली. नदीचं नितळ पाणी काठोकाठ भरलं. एका टोकाला मुकादमानं लाकडाची फळी तिरकी बसवली, तिचं वरचं टोक पाण्याबाहेर आणि खालचं तळाला टेकलेलं. “हा घाट,” तो म्हणाला. मग तारा. तारा कशाच्या करायच्या यावर अर्धा तास वाद झाला आणि अख्खं गाव त्यात पडलं. शेवटी मुक्ताबाईनं तोडगा काढला. झेंडूच्या फुलाला दोरा बांधायचा, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला चिंचोका. चिंचोका तळाला, फूल वर. तळाशी कशानं धक्का दिला की फूल जागा सोडणार. एक फूल फळीच्या पायथ्याशी, एक मध्यावर, आणि तिसरं पार शेवटच्या टोकाला.

तोवर बातमी वाऱ्यावर गेली होती. कामशेतच्या बाजाराला निघालेली माणसं टोपल्या उतरवून थांबली. बाया पाण्याला आल्या आणि हंडे तसेच काठावर राहिले. म्हातारेकोतारे उन्हात बसून एकमेकांना समजावत होते की मुकादम पन्हाळात समुद्र करतोय. त्यात कुणाला वावगं वाटेना.

आणि मुकादम? मुकादम टेकडीच्या कडेला दरड तयार करत होता. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देईना. कुदळीनं मुरूम फोडला, दगडगोटे वेचले, घमेल्यात भरले. मग निजामला गँगवरची तारेची मोठी चाळण आणायला पिटाळलं. ती मुकादमाच्याच परसात दुरुस्तीला आलेली होती. सगळा ढीग त्यानं चाळणीवर टाकला, खसाखसा हलवला, माती खाली गाळली. वर राहिलेली खडी नदीत नेऊन तीन पाण्यांनी धुतली. प्रत्येक खडा चकचकीत. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. लाइनीवर टाकायची खडी चाळल्या-धुतल्याशिवाय टाकायची नाही, मातकट खडी रुळाखाली गेली की लाइन बसलीच, हे त्याच्या हाडात मुरलेलं. हात आपोआप चालले, आणि बघणाऱ्या गँगवाल्या निजामलाही त्यात काही वेगळं दिसलं नाही. दिसणार कसं? तोही तेच करत आला होता.

“सरका,” मुकादम म्हणाला आणि घमेलं फळीवर रिकामं केलं.

धडधडधड करत खडी फळीवरून गेली, पाण्यात बुडाली, पायथ्याशी आदळली. पहिलं फूल उडालं. पाणी हिंदकळलं, बाकीची दोन फुलं जरा डुलली. सगळं गाव पन्हाळावर वाकलं. खडी पायथ्याशी ढीग करून बसली, आणि मुकादम सांगत होता तशीच, अगदी शहाण्या मुलीसारखी, बसून राहिली.

एक घमेलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. ढीग उंच झाला. पुढं सरकला तो वीतभर. दुसरं फूल मजेत पाण्यावर तरंगत होतं. तिसऱ्याला तर काही घडल्याची खबरही नव्हती.

“बसली,” मुकादम म्हणाला. त्यानं आणखी चार घमेली ओतली असती तरी चारही वेळा तेच झालं असतं. त्याला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही; पण मजा अशी की त्या बरं वाटण्यात एक बारीकसा खडा होता. जिंकल्यावर माणूस जसा इकडं-तिकडं बघतो तसं त्यानं बघितलं, आणि त्याला हौशीराम दिसला. पोरगं पन्हाळाशी उकिडवं बसून त्या ढिगाकडं बघत होतं. रागानं नाही, रडवेलंही नाही. आपण डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं ठरलं, एवढंच कोडं त्याच्या तोंडावर होतं.

“गाडी साडेपाचला हाय,” हौशीराम उठून म्हणाला. “मावशी, माजी ट्रंक.”

मुक्ताबाई डोळ्यांना पदर लावून ट्रंक आणायला निघाली. माणसं पांगू लागली. बाजारवाल्यांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या.

आणि त्या पांगापांगीत नंदा आली. ती इतका वेळ घरात होती, कारण सुपारीच्या दिवशी मुलीनं नदीवर मिरवायचं नसतं. आता सुपारीच राहिली नव्हती, मग कसली रीत? ती तरातरा आली, पन्हाळात डोकावली, खडीचा ढीग बघितला, फुलं बघितली. मग ती चाळणीपाशी गेली आणि थांबली.

“आबा, ह्ये काय?”

चाळणीखाली गुडघाभर उंच लाल मातीचा ढीग होता.

“गाळ हाय,” मुकादम म्हणाला. “चाळून काढला.”

“कशातनं काढला?”

“दरडीतनं.”

“म्हंजी दरड चाळली? आन् धुतली?”

“मग? मातकट खडी कोन वापरतं?”

नंदानं बापाकडं बघितलं. घाटातून आल्यावर रोज रात्री त्याच्या धोतराचा चिखल तीच धूत होती, एकतीसातली दहा वर्षं तरी. “आबा,” ती म्हणाली, “दर्यातल्या दरडीला चाळण कोनी लावली व्हती?”

निजाम चावीवाल्याच्या तोंडून एक आवाज निघाला. उचकी लागावी तसा. मग तो खाली बसला आणि गदगदा हसू लागला. तो असा हसलेला मुकादमानं वीस वर्षांत बघितला नव्हता. “मुकादम,” तो म्हणाला, “आपन दोघं बी गाढव हाय. ‘ती’ आली तवा काय उपसलं आपन? धोंडं किती व्हतं? कमरंएवढा चिखल व्हता.”

मुकादमाला सगळं आठवलं. खरं होतं. ‘ती’ आली तेव्हा धोंडे अर्ध्या दिवसात बाजूला झाले होते. दोन दिवस लागले ते चिखलाला. घमेल्यानं उपसावा आणि मागून पुन्हा वाहत यावा असा चिखल. पण चिखल म्हणजे घाण, चिखल म्हणजे दरीत लोटून द्यायची वस्तू. दरड म्हणजे धोंडे. एकतीस वर्षं त्यानं अर्धी दरड दरीत लोटली होती आणि अर्धीचंच बारसं केलं होतं.

नंदानं पदर खोचला. बादलीत पाणी ओतलं, ओंजळीनं माती टाकली आणि कोपरापर्यंत हात घालून कालवू लागली. चुलीला पोतेरं द्यायला काला करतात तसा, गुठळी राहू द्यायची नाही असा. कुणी तिला थांबवलं नाही. टोपल्या पुन्हा खाली उतरल्या. हौशीरामनं ट्रंक मावशीच्या हातून घेतली, तिच्यावरच बसला आणि लगेच उठला. पन्हाळातली खडी बाहेर काढली गेली, पाणी निवळू दिलं, फुलं पुन्हा जागच्या जागी लावली.

“तुमी वता,” नंदा बापाला म्हणाली. “दरड तुमची.”

मुकादमानं बादली उचलली आणि फळीवर ओतली.

आवाज झालाच नाही. लाल काला फळीवरून घसरला, पाण्याखाली गेला, आणि सगळ्यांना वाटलं आता पाणी गढूळ होणार आणि खेळ खलास. पण वरचं पाणी जसंच्या तसं नितळ. त्यात आभाळ दिसत होतं. आणि त्या आभाळाच्या खाली, तळालगत, तो लाल लोंढा पसरला, पायथ्याशी आला, आणि थांबला नाही. चुलीमागून मांजर अंग काढतं तसा तो पुढं निघाला. तोंड फुगलेलं, मागं लांब शेपूट.

पहिलं फूल गेलं.

“चालतीया,” कुणीतरी कुजबुजलं. “आवो, सपाटीवर चालतीया.”

मुकादम पन्हाळाच्या कडेकडेनं चालू लागला. दरड त्याच्या बरोबरीनं चालत होती. आयुष्यात प्रथमच तो दरडीच्या पुढं किंवा मागं नव्हता, सोबत होता. त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं आणि ते हसू आहे हे त्याला तोंड उघडल्यावर कळलं. तो वाकला. मग गुडघ्यांवर आला. पागोटं सुटून गळ्यात आलं, तसाच तो रांगत सरकत राहिला, आणि त्याच्या मागं अख्खं वडिवळं वाकून, ढकलाढकली करत, एकमेकांच्या पायांवर पाय देत सरकत राहिलं. अंबाजी पाटलांची काठी कुणाच्या तरी हंड्यात गेली.

दुसरं फूल डचमळलं. त्यानं एक बुडी मारली आणि बाजूला झालं. मध्यावरचं, सपाटीवरचं फूल. बायांनी टाळ्या पिटल्या. मुक्ताबाई ओरडली की माझा भाचा खोटं बोलत नाही, आणि पुढं बराच वेळ तेच ओरडत राहिली.

पण पुढं लोंढा मंदावला. तोंडाचा फुगारा बसला, रंग फिका झाला. तिसरं फूल चार हात लांब होतं. मग तीन. मग दोन. लाल धूर आता तळावर इतका पातळ पसरला होता की खालचं लाकूड दिसावं. हौशीरामनं डोळे मिटून घेतले. नंदा बादली धरून उभी होती.

दीड हात राहिला. दिलेला शब्द म्हणजे शब्द. इथं थांबली तर लेक घरात. रोज संध्याकाळी दारात. मुकादमाला एवढंच हवं होतं, सकाळपासून हवं होतं, आणि ते आता दीड हातावर येऊन ठेपलं होतं. त्यानं फक्त गप्प राहायचं होतं.

“चल,” मुकादम म्हणाला.

निजामनं त्याच्याकडं बघितलं.

“चल की गं बाई,” मुकादम पाण्यावर तोंड नेऊन म्हणाला, “येवढी आलीस, आता काय थांबतीस? चल. चल. जा पुढं.” त्याची दाढी पाण्याला लागत होती. “जा, माजी बाय. जा. थांबू नगं.”

आणि ती गेली. दमून, रेंगाळत, पण गेली. चिंचोक्याला शिवली, तो एकदा हलला, दुसऱ्यांदा हलला. झेंडूचं फूल पाण्यावर थरथरलं, खाली ओढल्यासारखं झालं, आणि जागा सोडून हळूच काठाला जाऊन टेकलं.

मग काय झालं ते सांगता यायचं नाही, कारण सगळे एकदम ओरडत होते. निजाम मुकादमाला मिठी मारत होता. मुक्ताबाई पाटलांना मिठी मारायला निघाली आणि वेळेवर भानावर आली. कुणी पन्हाळात हात घातला, कुणी तोंड. हौशीरामनं डोळे उघडले, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, आणि त्याला तीन तीन जण एकाच वेळी, तूच सांगितलेलं कसं खरं निघालं ते समजावून सांगत होते.

मुकादम गुडघ्यांवरच होता. गळ्यात पागोटं, दाढीतून पाणी ठिबकतंय. तो हसत होता आणि आपण रडतोय हेही त्याला समजत होतं. नंदा त्याच्याजवळ येऊन बसली, कोपरापर्यंत लाल चिखल.

“तुमीच म्हनलात चल म्हनून,” ती हळू म्हणाली.

“म्हनलो खरं.” त्यानं पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं. “नंदे, मला दरडीचा राग नव्हता. तू हितं राहावीस म्हनून चाललं व्हतं सगळं.”

“मला ठावं हाय, आबा. सकाळधरनं ठावं हाय.”

एवढ्यात पोरासोरांनी, म्हाताऱ्यांनी, बाजारवाल्यांनी गलका केला की पुन्हा, पुन्हा एकदा. निजामनं बाह्या सारून बादली घेतली. मुकादम उठला, अंगरख्यावरची माती झटकली आणि हौशीरामकडं वळला. दरडीचं बोलणं निघालं होतं, आणि एक गोष्ट अजून विचारायची राहिली होती.

“काय रं, ती तुजी दर्यातली. तिसऱ्या तारेच्या पुढं कुटवर गेली?”

हौशीराम विचारात पडला. अंदाजानं काही ठोकून देणं त्याला याही वेळी जमलं नाही. “ठावं न्हाई, मामा. तिच्या पुढं तारच नव्हती.”

मुकादमानं मान हलवली. मग तो नंदाला म्हणाला, “तू मातर मुंबईस्नं कागद टाकीत जा. निजाम वाचून दाखवंल,” आणि बादलीत माती कालवायला बसला.